आशाताईंचा नवरा

विनीत आरेकर सव्वीस वर्षं बोटीवर होता. आधी मेसमन, मग सेकंड कुक आणि शेवटची चौदा वर्षं चीफ कुक. तेलाच्या, कोळशाच्या, मोटारगाड्या वाहणाऱ्या, सगळ्या तऱ्हेच्या बोटींवर त्याने स्वयंपाक केला होता. फिलिपिनो खलाशांसाठी चिंचेचा आंबट रस्सा, युक्रेनच्या इंजिनिअरांसाठी बिटाचं सार आणि आपल्याकडच्या पोरांसाठी रविवारची बिर्याणी. कॅप्टनपासून डेक पुसणाऱ्या पोरापर्यंत सगळे त्याला 'चीफ' म्हणत.

मग एका ऑगस्टमध्ये, बोट सिंगापूरला नांगरून पडलेली असताना, पिठाचं पोतं उचलता उचलता त्याच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि त्याला वाचवलं. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर 'अनफिट' एवढाच शब्द लिहिला. त्रेपन्नाव्या वर्षी विनीत कायमचा घरी आला.

घर हेदवीच्या अलीकडे, माडवाडीत. चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी आणि मागे अडगळ ठेवायचा मांगर. ते त्यानेच बांधलं होतं, म्हणजे पैसे त्याने पाठवले होते. बांधून घेतलं त्याच्या बायकोने, दमयंतीने. चिरा कुठल्या खाणीचा, विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, गवंडी कोणत्या दिवशी पळाला, हे सगळं तिला माहीत होतं. विनीत नऊ महिन्यांनी यायचा, चॉकलेटं आणि अत्तरं वाटायचा, दोन-तीन महिने पाहुण्यासारखा राहायचा आणि बॅग उचलून निघायचा. वाडीला ते सवयीचं झालं होतं. त्याला बघितल्यावर लोक "आलास कधी?" असं विचारत आणि लगेच "जाणार कधी?" असंही विचारत.

या वेळी त्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तसं एक होतं. विरारला अकराव्या मजल्यावर त्याने एक फ्लॅट घेऊन ठेवला होता आणि त्याचा ताबा फेब्रुवारीत मिळणार होता. मुलगी शमिका अंधेरीला नोकरी करत होती आणि हॉस्टेलवर राहत होती. तिघं एकत्र राहू, डॉक्टर जवळ, बाजार जवळ, असा त्याचा बेत होता. दमयंती त्यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. "बघू" म्हणाली होती.

दमयंती आशा सेविका होती. गेली बारा वर्षं माडवाडी, वरची वाडी आणि सड्यावरची, म्हणजे त्याच्याही वरच्या कातळावरची, आठ घरं तिच्याकडे होती. कुणाला दिवस गेले, कुणाच्या बाळाची लस राहिली, कुणाचा रक्तदाब वाढला, हे त्या त्या घराच्या आधी तिला कळायचं. सकाळी साडेआठला खांद्याला पिशवी अडकवून ती निघे ती दोन वाजता येई. विनीत घरी आल्यावर पहिला महिना तिने जरा लवकर येऊन त्याच्या आवडीचं रांधलं. दुसऱ्या महिन्यात तिचं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं आणि विनीतला घरात करायला काही उरलं नाही.

म्हणून त्याने स्वयंपाकघर लावायला घेतलं. सगळे डबे खाली काढले, पुसले, आकाराप्रमाणे लावले आणि प्रत्येकावर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली. सुऱ्यांना धार लावली. तव्यासाठी भिंतीला खिळा ठोकला. दमयंती दुपारी दमून आली, नेहमीच्या जागी हात घालून चमचाभर साखर चहात टाकली आणि पहिल्या घोटालाच तिला कळलं की ते मीठ होतं.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "ही बोट नाही."

"व्यवस्थित लावलंय. वाचलं असतंस तर कळलं असतं."

"वीस वर्षं हे घर मी डोळे मिटून चालवलंय. मला डोळे मिटून साखर सापडली पाहिजे."

संध्याकाळपर्यंत डबे पुन्हा होते तिथे गेले. चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या, कारण त्या निघेनात. विनीत पडवीत बसून माडांकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं.

नोव्हेंबरात दमयंती पडली. वरच्या वाडीची पाखाडी उतरताना पोफळीच्या वाळक्या झावळीवर तिचा पाय पडला, ती तीन पायऱ्या घसरत खाली आली आणि घोट्याच्या हाडाला चीर गेली. वाडीतल्या लवूने तिला आपल्या रिक्षातून गुहागरला नेलं. विनीत पुढे लवूच्या शेजारी बसून सारखा मागे वळून बघत होता. सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. डॉक्टर म्हणाले, पाय अजिबात टेकायचा नाही.

परत येताना दमयंती दुखण्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोटांवर घरं मोजत होती.

"पंधरा तारखेला गोळ्या पोचल्याच पाहिजेत. सड्यावर दोन बाळंतिणी आहेत. येसूबाईचा रक्तदाब मागच्या वेळी एवढा होता की मशीनच थांबलं."

"दुसरी कुणी नाही का?"

"शेजारच्या गावची करेल थोडं. पण तिची तिला पन्नास घरं आहेत." मग तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्हाला काय काम आहे सध्या?"

अशा रीतीने चीफ कुक विनीत आरेकर आशाताईंचा हमाल झाला. रोज सकाळी लवूच्या रिक्षात दमयंती मागच्या सीटवर आडवी बसे आणि तिचा प्लास्टरचा पाय बाहेर निघालेला असे. रिक्षा पाखाडीच्या पायथ्याशी थांबली की विनीत पिशवी घेऊन वर चढे आणि ती खालून ओरडून सूचना देई. बाळंतिणींकडे शेजारच्या गावची आशा जाई. विनीतच्या वाट्याला म्हातारी माणसं आली.

पहिल्याच दिवशी तो येसूबाईच्या दारात उभा राहिला. येसूबाई ब्याऐंशी वर्षांची, वाडीतल्या सगळ्यात वरच्या घरात एकटी राहणारी. दोन मुलगे मुंबईला, एक भांडुपला आणि एक नालासोपाऱ्याला.

"कोन हाय?"

"मी विनीत. गोळ्या आणल्यात."

"कंचा विनीत?"

"बाबू आरेकरांचा मुलगा. बोटीवर असतो तो."

आतून काही उत्तर आलं नाही. विनीतने जरा विचार केला आणि म्हणाला, "आशाताईंचा नवरा."

"मग असं सांग की! ये आत."

त्याने नव्या गोळ्या दिल्या आणि दमयंतीने बजावल्याप्रमाणे जुनं पाकीट मागून घेतलं. त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

"आजी, या सगळ्या जागच्या जागी आहेत."

"मग त्यांना कुठं जायाचं हाय?"

"घेत का नाहीस?"

"रिकाम्या पोटी घ्यायची नाय, डागतरनं सांगितलान."

"मग जेवून घ्यायची."

येसूबाईने पदराने तोंड पुसलं. "एका मानसासाठी चूल कोन पेटवील रं?" ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. आज उन्हं कडक आहेत असं म्हणावं तसं.

विनीत आत गेला. चुलीत राख थंड होती. एका टोपात कालचा भात होता आणि एका वाटीत भाजलेला सुका बांगडा, वरून मिठाने पांढरा पडलेला. बोटीवर एखाद्याचं काही बिनसलं की ते आधी त्याच्या ताटात दिसतं, हे विनीतला सव्वीस वर्षांत कळलं होतं. घरून वाईट बातमी आलेला माणूस डाळ बाजूला सारतो. बायकोशी भांडलेला दोनदा भात घेतो. आणि ज्याला आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटायला लागतं, तो उभ्याउभ्या खातो. येसूबाईच्या घरात पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर धूळ होती.

त्याने चूल पेटवली. फडताळात कुळथाचं पीठ सापडलं, परड्यातून मिरची आणि कोथिंबीर आणली, चार आमसुलं टाकली आणि पातळ पिठी केली. गरम भात रांधला. पाट पुसून मांडला.

येसूबाईने एक घास घेतला. "मीठ कुठाय?"

"मीठ तुला कमी सांगितलंय. मलापण. माझ्या हृदयात जाळी बसवलीये."

"जाली?" येसूबाईने त्याच्या छातीकडे निरखून पाहिलं. "कसली? मासं धरायची?"

ती जेवली. गोळी घेतली. वर म्हणाली, "पिठी बरी झाली हाय. तुज्या आईला नाय जमायची."

तासाभराने विनीत खाली उतरला तेव्हा लवू स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता आणि दमयंतीचा चेहरा लाल झाला होता.

"गोळी द्यायला गेला होतात की लग्नाला?"

"ती जेवत नाही, दमयंती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? मी बारा वर्षं सांगतेय. सांगणं माझ्या हातात आहे. रांधायला वेळ कुठून आणू?"

सहा आठवड्यांत विनीतने अशी नऊ घरं पाहिली. काशीराम म्हणून एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते, शहात्तर वर्षांचे, उंच आणि अजून ताठ. बायको गेल्यापासून ते चहा आणि बिस्किटांवर होते, पण विचारलं की छाती पुढे काढून "जेवतो की मी व्यवस्थित!" म्हणत. बिस्किटांचे रिकामे पुडे त्यांनी घड्या घालून, गठ्ठा बांधून ठेवले होते. सड्यावर एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं आणि म्हातारीच्या हातांना कंप होता. ती दोघं मिळून एक भाकरी तासभर थापायची. विनीत जिथे जाईल तिथे काही ना काही रांधून यायला लागला. रिक्षात खाली बसलेली दमयंती आता ओरडत नव्हती. ती विणकाम घेऊन येऊ लागली.

वाडीत त्याचं नाव पडलं ते पडलंच. "आशाताईंचा नवरा आला" म्हणत लोक दार उघडत. पहिल्या आठवड्यात ते त्याला टोचलं. नंतर नंतर पाखाडी चढता चढता तो स्वतःच आधी हाक मारायला लागला, "आशाताईंचा नवरा आलाय हो!"

जानेवारीत प्लास्टर निघालं. दमयंती काठी घेऊन चालू लागली आणि मग काठी सोडून. एका दुपारी ती पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती तेव्हा विनीत तिच्यासमोर येऊन बसला.

"एक विचार आहे. या नऊ घरांना रोज दुपारचा डबा द्यायचा. मी रांधेन. लवू शाळेच्या फेरीला जातोच, तो पोचवेल."

दमयंतीने हातातली वाकडी सुरी खाली ठेवली. त्याला वाटलं ती खूश होईल.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही आयुष्यात कधी एका जागी नऊ महिन्यांच्या वर राहिलाय का?"

विनीत सोललेल्या सुपाऱ्या टोपलीत भरू लागला.

"मी चिडून नाही बोलत," दमयंती म्हणाली. "तुम्ही महिनाभर मन लावून कराल, मला माहीत आहे. मग फ्लॅटचा ताबा मिळेल. शमिका बोलवेल. तुम्ही बॅग भराल. आणि अकरा वाजता डब्याची वाट बघायची सवय लागलेली ही सगळी माणसं माझ्या दारात उभी राहतील. येसूबाईला दोन मुलगे आहेत. दोघंही 'येतो' म्हणून गेले. तिला आता तिसरा नको."

"मग मी काय करू?"

"आधी ठरवा. राहणार की जाणार, तुमचं तुम्ही ठरवा. मी इथेच आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ठरवलं होतं, फार वर्षांपूर्वी. सुरू करायचं तर बंद करायचं नाही, एवढंच माझं म्हणणं."

फेब्रुवारीत विनीत विरारला गेला. खोटं कशाला सांगायचं, फ्लॅट छान होता. खिडकीतून लांबवर खाडी दिसायची, वारा यायचा, नळाला चोवीस तास पाणी. शमिकाने पडदे लावले होते आणि बाबांसाठी नवी परात, पोळपाट, मिक्सर असं सगळं आणून ठेवलं होतं. शेजारी चांगले निघाले. पहिल्याच दिवशी समोरच्यांनी पुरणपोळ्या दिल्या. शमिका सकाळी आठला जाई आणि रात्रीच्या जेवणाला येई. मधल्या वेळात विनीत तिच्यासाठी चार-चार पदार्थ करी आणि ती हसून म्हणे, "बाबा, मी एकटी आहे, बोटीवरची चोवीस माणसं नाहीत."

चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी विचारलं, "गावाला कोण असतं?"

"बायको असते," विनीत म्हणाला.

लिफ्टचं दार उघडलं, गृहस्थ गेले, आणि विनीत आपल्या मजल्यावर उतरायचं विसरून तसाच खाली गेला. हे वाक्य त्याने किती बंदरांत, किती माणसांना सांगितलं होतं! अगदी याच शब्दांत. तेव्हा त्याचा काही इलाज नव्हता. आता होता, तरी तो तेच सांगत होता.

पाचव्या दिवशी साडेअकराला त्याने येसूबाईला फोन लावला. फोन बराच वेळ वाजला.

"जेवलीस का आजी?"

"कुठं हायस तू?"

"विरारला."

"बरं." मग थोडं थांबून, "येशील कवा?"

'येतो' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. विनीतने तो गिळला. "गुरुवारी," तो म्हणाला. "गुरुवारी सकाळी अकराला तुझ्या दारात असेन. काय करू जेवायला?"

"आदी ये तर," येसूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्याने शमिकाला सांगितलं. तिला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. मग म्हणाली, "आई कधी येणार नव्हतीच, बाबा. मला माहीत होतं. मला वाटलं, तुम्ही तरी."

"तू ये ना दर महिन्याला. आणि हे घर तुझं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना बोलाव, एकटी राहू नकोस."

"तुम्ही तिथे खरंच रमाल?"

"माहीत नाही," विनीत खरं ते म्हणाला. "पण मला तिथे काम आहे."

गुरुवारी तो येसूबाईकडे कोलंबीचं कालवण करून मगच घरी आला. दमयंती दारातच होती. तिला बातमी आधीच लागली होती, कारण लवू वाटेत सगळ्यांना सांगत आला होता.

"फ्लॅट शमिकाला दिला," विनीत म्हणाला.

"कळलं."

"डबे सुरू करतो."

"किती दिवस?"

"तू आशाचं काम सोडशील तोपर्यंत. आणि मग दहावा डबा तुझा."

दमयंतीने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते तिला जमलं नाही. मात्र तिने अटी घातल्या. तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मागचा मांगर साफ करून तिथे चूल आणि गॅस मांडायचा. तिथे हवे तितके डबे हवे तसे लावावेत आणि हव्या त्या भाषेत चिठ्ठ्या चिकटवाव्यात.

शिमगा झाला, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली आणि दुसऱ्या सोमवारी डबे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात कुणीच खूश नव्हतं. विनीतला चोवीस माणसांचा अंदाज होता, दहा म्हाताऱ्यांचा नव्हता. कुणाला दात नव्हते, कुणाला वाटाणे चालत नव्हते, सड्यावरच्या आजोबांना कांद्याचा वास आवडत नव्हता. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, मीठ नाही. काशीराम रिकाम्या डब्यात चिठ्ठी पाठवत. एकदा लिहून आलं, 'भाजी उत्तम. आमटी गाडीच्या रेडिएटरमधली वाटली.' विनीतने ती चिठ्ठी मांगराच्या भिंतीला लावली आणि आमटीत वाटलेलं ओलं खोबरं वाढवलं. बांगड्याला तिरफळं घातली, भाज्यांना लिंबू पिळलं. हळूहळू मिठाची तक्रार थांबली. महिनाभराने काशीरामांनी लिहिलं, 'आज काही दोष नाही. उद्या बघू.'

मग वाडीतून वस्तू येऊ लागल्या. कुणी पडवीत चार नारळ ठेवून जाई, कुणी वालाच्या शेंगा, कुणी आमसुलांची बरणी. मासळी उतरली की बंदरावरून कुणीतरी पिशवीभर मांदेली पाठवी. कोण पाठवतंय हे विनीतला अनेकदा कळतही नसे. दमयंतीला मात्र पिशवीच्या गाठीवरून कळे. एप्रिलमध्ये तिने येसूबाईचा रक्तदाब मोजला, मशीन उलटं-सुलटं करून बघितलं आणि पुन्हा मोजला. तो आकडा तिने त्या दिवशी घरी येऊन विनीतला दोनदा सांगितला.

मे महिन्यात विनीतला तपासणीसाठी रत्नागिरीला जायचं होतं. दमयंतीही सोबत निघाली. आदल्या दिवशी प्रत्येक डब्यात त्याने चिठ्ठी घातली, 'उद्या डबा नाही. उपाशी राहू नका. उद्यापुरतं स्वतः रांधा.' तरी त्याला चैन नव्हतं. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला जाताना तो कठड्याला टेकून उभा होता, पण पाण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"येसूबाई रांधेल का गं?"

"नाही रांधणार," दमयंती म्हणाली. "एक दिवस काही होत नाही. वारा खा."

डॉक्टरांनी सगळ्या चाचण्या केल्या. हृदय ठीक होतं, वजन चार किलो उतरलं होतं. "काय करता तुम्ही सध्या?" त्यांनी विचारलं. "पाखाड्या चढतो," विनीत म्हणाला.

चार वाजता दोघं माडवाडीत परतली तेव्हा दारात लवूची रिक्षा उभी होती आणि पडवीच्या पायरीवर चपलांची रांग लागली होती. मांगरातून धूर निघत होता. विनीत धावला.

चुलीसमोर पाटावर येसूबाई बसली होती. दोन वर्षांत ती पाखाडी उतरून खाली आली नव्हती. लवूने आणि त्याच्या बायकोने तिला खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं. ती घावने घालत होती आणि प्रत्येकाला हुकूम सोडत होती. काशीराम विळीवर बसून नारळ खवत होते. शहात्तर वर्षांत पहिल्यांदाच, हे खोबऱ्याकडे बघून कळत होतं. करवंटीचे निम्मे तुकडे त्यात आले होते. सड्यावरची आजी थरथरत्या हातांनी काळ्या वाटाण्यांची उसळ ढवळत होती आणि आजोबा तिच्या बाजूला बसून वासावरून "आता झाली, आता झाली" म्हणत होते.

"हे काय?" विनीतच्या तोंडून एवढंच निघालं.

"तूच लिवलंस ना, स्वतः रांधा?" येसूबाई म्हणाली. "मग रांधलं. एकटीला नाय जमत, म्हनून सगल्यांना बोलवलं."

"जेवलात कधी?"

"जेवतोय कसले?" काशीराम खोबरं झटकत उठले. "तुमची वाट बघतोय. अकरापासून. आधी सांगा, डॉक्टर काय म्हणाले?"

"सगळं ठीक आहे."

येसूबाईने तव्यावरचं घावन उलटवलं आणि म्हणाली, "मग बस की. उभ्यानं जेवतोस काय?"

विनीत बसला. त्याच्या ताटात कुणीतरी घावन वाढलं, कुणीतरी उसळ, कुणीतरी कैरीचं रायतं. पहिला घास हातात धरून तो एकेकाच्या ताटाकडे बघत राहिला. दमयंतीने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. मग ती स्वतः काशीरामांच्या शेजारी बसली आणि खोबऱ्यातले करवंटीचे तुकडे वेचू लागली.

साडेचार वाजता चौदा माणसं दुपारचं जेवली. सड्यावरच्या आजोबांनी तीन घावने खाल्ली आणि मग विचारलं की आपल्या डाव्या हाताला कोण बसलंय. ती येसूबाई निघाली. एका गावात राहून दोघांची सहा वर्षांत भेट नव्हती. मग त्यांच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या, कुणाच्या परसातले आंबे कुणी चोरले यावरून दोघं हातघाईवर आली, आणि लवूला म्हाताऱ्यांना परत पोचवायला तीन फेऱ्या कराव्या लागल्या.

आता दर गुरुवारी डबे जात नाहीत, माणसंच येतात. मांगर अपुरा पडतो म्हणून मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालायचं ठरलंय. पावसाच्या आत व्हायला हवी. काशीरामांचं म्हणणं, खांब विहिरीच्या बाजूला रोवावेत, म्हणजे वळणाला जागा राहील. कसलं वळण, असं विचारलं तर ते रागावतात. विनीतला खांब फणसाच्या बाजूला हवेत, सावलीसाठी. काल दोघं टेप घेऊन अंगणात दोन तास भांडत होते. शेवटी कामावरून परत आलेली दमयंती पिशवी खांद्यावरून न उतरवताच मध्ये जाऊन उभी राहिली, पायाच्या अंगठ्याने मातीत चार खुणा केल्या आणि म्हणाली, "इथे, इथे, इथे आणि इथे." दोघांनी निमूटपणे पहारी उचलल्या.